एकटीची तुकडी

बाईंच्या उजव्या हाताचा अंगठा कधी गप्प बसला नाही. चारी बोटांच्या पेरांवरनं तो सारखा फिरत असायचा. बघणाऱ्याला वाटावं, बाई नामस्मरण करतात. मलाही पहिले आठ दिवस तसंच वाटलं, आणि त्यांच्यासमोर जायचं झालं की मी तोंडातलं पान टाकून चूळ भरून जायचो. मग एक दिवस त्यांचाच फॉर्म काढायला मी ऑफिसातलं कपाट उघडलं, फॉर्म काढला, कपाट लावलं आणि खुर्चीत बसलो. बाईंचा अंगठा करंगळीवर थांबला.

"भाऊसाहेब, एक पायरी गाळली तुम्ही."

"कसली पायरी?"

"दार उघडणे, फॉर्म काढणे, दार लावणे, कुलूप लावणे, किल्ली काढून घेणे. पाचवी राहिली."

वळून बघतो तर किल्ली कपाटालाच लोंबत होती. तिथं मी वीस वर्षं कारकुनी केली, आणि त्यातली निदान एकोणीस वर्षं ती तशीच लोंबत असावी.

आमचं कॉलेज म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवणारे शिक्षक घडवायचं कॉलेज. नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही बघायला याल, आणि आमच्याकडं तेवढ्या खुर्च्या नाहीत. इथं वेगवेगळ्या शाखांचं बी.एड. होतं. कुणी कर्णबधिर मुलांसाठी शिकतं, कुणी अंध मुलांसाठी. बाई आल्या त्या वर्षी मतिमंद मुलांच्या शाखेला चौकशीला सात जण आले. त्यातल्या चौघांना स्पेशल बी.एड. म्हणजे जरा उंची प्रतीचं बी.एड. वाटलं होतं. दोघं वसतिगृहात मटण किती दिवसांनी असतं ते विचारून गेले. राहिल्या बाई.

वय सत्तेचाळीस. गाव चंदगड तालुक्यात, जिथं छत्री घेऊनच मूल जन्माला येतं. तिथल्या डोंगरातल्या शाळा-शाळांतनं एस.टी.नं हिंडून त्यांनी अठरा वर्षं असल्या मुलांना शिकवलं होतं, दरसालच्या करारावर. आता वरनं कागद आला होता की पदवी नसेल तर पुढच्या वर्षी करार नाही. म्हणजे घरी बसा. आणि घर म्हणजे एक खोली. आई-वडील गेलेले, भाऊ गोव्यात, लग्नाची गोष्ट कुणी काढली नव्हती आणि नंतर काढायला कुणी राहिलं नाही.

तर त्या वर्षी त्या शाखेची तुकडी एकटीची झाली. आमच्या प्राचार्य मॅडम नियमाच्या पक्क्या. रोज सकाळी हजेरीपट उघडून म्हणायच्या, "रोल नंबर एक."

"हजर, मॅडम."

मग मॅडम चष्म्यावरनं सगळ्या वर्गावर नजर फिरवायच्या, न जाणो मागच्या बाकावर कुणी खोडी करत असलं तर. गटचर्चा व्हायची. बाई मुद्दा मांडायच्या, उठून पलीकडच्या बाकावर जाऊन खोडून काढायच्या. क्रीडादिनाला आम्ही संगीत खुर्ची घेतली, एक खुर्ची आणि एक बाई. त्यातही बाई दुसऱ्या आल्या असं मी गावभर सांगितलंय आणि लोकांनी ते मानलंय.

खरी पंचाईत सराव पाठाची होती. खऱ्या मुलांपुढं उभं राहायच्या आधी आपल्याच वर्गातल्या सोबत्यांना विद्यार्थी करून शिकवायचं असतं. बाईंना सोबती कुठले? मॅडमनी फतवा काढला की ऑफिसनं बसावं. ऑफिस म्हणजे मी आणि शिपाई तात्या.

पहिला पाठ चहाचा. चहा करणे या कामाचे बाईंनी तुकडे पाडले होते एकतीस. एका हाताची पेरं बारा, दोन हातांची चोवीस. पुढच्या सातांसाठी त्या तात्याचा हात धरायच्या. तात्या लाजून असा लाल व्हायचा की चहात पत्ती कमी टाकली तरी चाललं असतं. मी मुद्दाम ढ पोरासारखं करायचो. आधणाआधी दूध ओतायचो, गाळणी उलटी धरायचो. बाई रागावल्या नाहीत. पहिल्या दिवशी माझ्या हातावर हात ठेवून गाळणी सरळ करून दिली. दुसऱ्या दिवशी नुसतं बोट दाखवलं. तिसऱ्या दिवशी फक्त गाळणीकडं बघितलं. चौथ्या दिवशी खिडकीबाहेर बघत उभ्या राहिल्या, आणि मी चुकायचं विसरून चहा बरोबर केला.

"झालं की, भाऊसाहेब," त्या म्हणाल्या. मनापासनं म्हणाल्या. माझ्या हातच्या चहाला तोवर तारीफ म्हणून काही मिळालंच नव्हतं. आमच्या मंडळींनी एकदा तो तुळशीला घातला होता, आणि तुळस गेली.

"पण तुम्ही तिकडं का बघत होता?" मी विचारलं.

"मदत कमी करत न्यायची असते. हात, मग बोट, मग नजर, मग काहीच नाही. शेवटी शिकवणाऱ्यानं दिसायचंच नाही. पोराला वाटलं पाहिजे की हे मी केलं."

"मग शिकवणाऱ्याला काय मिळालं?"

बाईंनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी पुन्हा गाळणी उलटी धरली.

त्यांनी कोल्हापुरात मंगळवार पेठेत एक खोली घेतली होती. रविवारी कॉलेज बंद असलं तरी त्या यायच्या. मीही यायचो, घरच्या कामातनं सुटका म्हणून. त्या व्हरांड्यात बसून डबा खायच्या आणि मी विचारायचो, "बाई, सुट्टीच्या दिवशी तरी खोलीवर पाय पसरून गाणी ऐकावीत."

"रेडिओ आहे की. पण लावत नाही. लावला की मग बंद करावा लागतो."

यावर मला एक विनोद सुचला होता. मी तो केला नाही. माझ्या बाबतीत हे विरळाच.

ऑगस्टमध्ये बाईंना खऱ्या शाळेत पाठवलं. तिथं त्यांना वैशाली भेटली. सोळा-सतरा वर्षांची, कोडोलीची. दोन वेण्या, अंगठ्याएवढी टिकली, आणि बोलणं मोजकं. शाळेतल्या कार्यशाळेत ती कागदी पिशव्या करायची, आणि तिची पिशवी अशी चौकोनी व्हायची की इंजिनियरनं मापाला न्यावी. वडील रोज मोटारसायकलवरनं सोडायला यायचे, परत जाऊन उसाला पाणी पाजायचे, दुपारनंतर पुन्हा न्यायला यायचे. एक दिवस ते शाळेच्या फाटकात बाईंना म्हणाले, "बाई, दिवाळीपातूर आणतो. फुडं न्हाय जमायचं. भाऊ येगळा झालाय. मी ऊस बघू का हिला बघू?"

"मग वैशाली काय करणार?"

"घरात बसंल. आयला मदत करंल."

वैशाली तिथंच उभी होती. तिनं वडलांच्या हातातनं गाडीची किल्ली घेतली, आपल्या दप्तरात टाकली आणि चेन लावून टाकली.

बाईंनी ते बघितलं. म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत ती एकटी येईल, एकटी जाईल. एस.टी.नं."

वडील हसले. वाईट माणूस नव्हे, पण हसले. "बाई, ही गल्लीतल्या दुकानात एकटी जाईत न्हाय."

वार्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक येऊन एक पाठ बघतात. त्या पाठासाठी बाईंनी विषय दिला, 'वैशालीचा एस.टी. प्रवास'. मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो, नाणी ओळखणं घ्या. घड्याळ घ्या. रंग घ्या. पोरगी अडली तर तुम्ही नापास, आणि नापास झालात तर तुमचा करार गेला."

"नाणी तिला येतात, मॅडम. घरी बसायची वेळ आलीय ती बसच्या पायी."

कोल्हापूर ते कोडोली या प्रवासाच्या बाईंनी सदतीस पायऱ्या पाडल्या. पुठ्ठ्यावर 'कोडोली' लिहून दिलं. ते अक्षर आणि गाडीच्या पाटीवरचं अक्षर जुळवायचं. कंडक्टरला पास दाखवायचा. खिडकीतनं मोठी चिंच दिसली की दप्तर खांद्याला लावायचं, गाडी थांबली की उठायचं, आधी नाही. सकाळी बाई अंधारात उठून कोडोलीला जायच्या आणि तिच्याबरोबर परत यायच्या. संध्याकाळी सोडायला जायच्या आणि एकट्या परत यायच्या. त्या मार्गावरच्या कंडक्टरांना वाटायला लागलं, ही बाई खात्याची तपासणीस आहे. एकानं तर बाई दिसल्या की टोपी घालायला सुरुवात केली.

पहिले काही दिवस बाई वैशालीच्या शेजारी बसल्या. मग पलीकडच्या सीटवर. मग एक ओळ मागं. असं सरकत सरकत शेवटून दुसऱ्या सीटपर्यंत गेल्या. वैशाली पुढं बसायची, सगळं बिनचूक करायची. वहीत सदतीस चौकटी होत्या, सगळ्यांवर बरोबरच्या खुणा झाल्या. एका संध्याकाळी बाईंनी ठरवलं, आज आपण चढायचं नाही. वडील चिंचेखाली वाट बघत होते. बाई स्टँडवर वृत्तपत्राच्या स्टॉलमागं उभ्या राहिल्या, मी त्यांच्या मागं.

गाडी लागली. वैशालीनं पाटी बघितली, पुठ्ठा बघितला. पायरीवर पाय ठेवला. मग पाय खाली घेतला आणि गाडीच्या कडेकडेनं मागं चालत गेली. शेवटून दुसऱ्या खिडकीपाशी टाचा उंचावून आत बघितलं. मग फलाटावर जाऊन दप्तर मांडीवर घेऊन बसली. गाडी गेली. पुढची आली. तिनं तेच केलं. तिसरी आली, तिनं तेच केलं. शेवटी बाई स्टॉलमागून बाहेर आल्या, तर वैशाली उठून शांतपणे चौथ्या गाडीत चढली.

दुसऱ्या दिवशी बाई ऑफिसात आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. अंगठा एका पेरावर रुतलेला.

"सदतीस नव्हत्या, भाऊसाहेब. अडतीस होत्या. मागच्या सीटवर बाई आहेत का बघणे. ही मी शिकवली नाही. तीच शिकली."

"मग?"

"मग काय. मीच पायरी झाले. आता मला काढायला पाहिजे."

पुढचा महिना जे झालं ते तुम्हाला अर्धं खरं वाटणार नाही, आणि अर्धंच खरं आहे. बाईंनी आमच्या मंडळींचा स्कार्फ आणि काळा चष्मा नेला. त्या पुढच्या थांब्यावर चढायच्या, तोंडापुढं पेपर धरून बसायच्या. वैशालीला चपला ओळखू यायच्या. बाईंनी चपला बदलल्या. तिला खोकला ओळखू यायचा. शेवटी आम्ही माझ्या स्कूटरवर बसून गाडीच्या मागं लागलो. ती स्कूटर माझ्या सासऱ्यांनी हुंड्याऐवजी सूड म्हणून दिलेली. पंचगंगेच्या पुलावर आम्हाला एक सायकलवाला मागं टाकून गेला आणि जाताना म्हणाला, "पावणं, ढकलू का?" बाई मागं बसून आयुष्यात पहिल्यांदा इतक्या हसल्या, की स्कूटर हलायला लागली. वाठारच्या वळणावर गाडी दिसेनाशी झाली आणि त्यांचं हसू थांबलं.

"लवकर, भाऊसाहेब. चिंच येईल."

खरी अवघड गोष्ट स्कूटरवर नव्हती, शाळेत होती. बाई दिसल्या की वैशाली पळत येऊन त्यांचा पदर धरायची. दिवसभर पदर धरायचा आणि संध्याकाळी विसरायचं, हे जमेना. बाईंनी मॅडमना सांगून आपला वर्ग बदलून घेतला. शाळेच्या मागच्या दारानं जायला लागल्या. चार दिवस वैशाली मधल्या सुट्टीत पुढच्या फाटकात उभी राहिली, दोन पिशव्या घेऊन, एक बाईंसाठी. पाचव्या दिवशी ती पिशवी तिनं कॉलेजचं टपाल घेऊन गेलेल्या तात्याला दिली. मी हे बाईंना सांगितलं. मला वाटलं, रडतील.

"पाचव्या दिवशी?" त्यांनी विचारलं. "मला वाटलं होतं, दहा लागतील." मग डबा उघडला, बघितला आणि परत झाकण लावलं.

त्यानंतरच्या सोमवारी वैशालीनं पाटी बघितली, चढली आणि गेली. मागच्या खिडकीपाशी गेली नाही. चिंचेखाली उतरली तेव्हा वडलांनी टोपी काढून हातात घेतली, असं ते स्वतःच मला सांगत होते. दिवाळी झाली. वैशाली शाळेत येत राहिली. वर्षअखेरीला परीक्षक आले, हडकुळे, हातात गुणांचा तक्ता. मॅडम त्यांना घेऊन कोडोलीच्या एस.टी.त चढल्या. मी सोबतीला. गाडी खच्चून भरलेली. परीक्षकांनी इकडंतिकडं बघून विचारलं, "पाठ घेणाऱ्या बाई कुठं आहेत?"

"त्या नसणं हाच पाठ आहे, सर," मॅडम म्हणाल्या.

परीक्षकांनी नोकरीत पहिल्यांदाच काहीतरी ऐकल्यासारखं तोंड केलं. वैशालीनं पास दाखवला, दप्तर सांभाळलं, चिंच आली तशी उठली, उतरली. त्या गर्दीत परीक्षक मात्र उतरायचे राहिले, पुढच्या थांब्यावरनं चालत आले. मी त्यांना म्हणालो, "सर, तुमच्या दोन पायऱ्या सुटल्या." गुण तरीही चांगले पडले.

बाई स्टँडवर थांबल्या होत्या. मी आल्याबरोबर त्यांनी विचारलं, "मागं बघितलं का तिनं?"

"न्हाय."

हे खरं होतं. फक्त गाडीत मान वळवायला जागा नव्हती, तेवढं सांगायचं राहिलं.

बाई पास झाल्या. करार झाला. ट्रंक आणि रेडिओ घेऊन त्या चंदगडच्या गाडीत बसल्या. त्याआधी निरोपसमारंभ झाला, तुकडीच्या वतीनं मनोगत बाईंनी मांडलं आणि तुकडीनं टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण तिच्या हातात नारळ होता.

पुढं महिन्या-दोन महिन्यांतनं एखाद्या रविवारी फोन यायचा. पाऊस, तब्येत, तात्या, सगळं दोन मिनिटांत उरकायचं. मग जरा थांबून, "वैशाली?"

"येती की रोज. आता पिशव्यांच्या कामावर ठेवलीय तिला शाळेनं."

"मागं बघती का?"

"न्हाय हो."

असं दोन वर्षं चाललं. मग एका रविवारी त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, परीक्षेच्या दिवशी गाडीला गर्दी होती का?"

माणूस दोन वर्षांनी असलं विचारतो याचा अर्थ दोन वर्षं तेच मोजत बसलेला असतो.

"होती थोडी."

"एकदा मोकळ्या गाडीत बघाल? अजून बघत असली, तर एखाद्या दिवशी परत फलाटावर बसेल. तसं असलं तर मी रजा काढून येते. पुन्हा सुरुवात करू."

मी गेलो. बुधवार होता, गाडी निम्मी रिकामी. मी शेवटच्या सीटवर बसलो. वैशाली आली, वेण्यांचा आता अंबाडा झालेला. पाटी बघितली, पुठ्ठ्याशिवाय. चढली, खिडकीला बसली, पास काढून हातात धरला. गाडी स्टँडच्या बाहेर पडली, वळली, सरळ झाली. तेव्हा वैशाली वळली. सावकाश. शेवटून दुसऱ्या सीटकडं बघितलं. तिथं कुणी नव्हतं. तिनं तेवढं बघितलं आणि पुन्हा पुढं तोंड केलं, कंडक्टरला पास दाखवला, चिंच आली तशी उतरून गेली. वडील न्यायला आलेले नव्हते. आता येत नाहीत.

रविवारी फोन आला.

आता तुम्हाला माहीतच आहे, मी बोलायला लागलो की माशीचा हत्ती होतो आणि हत्तीला शिंगं फुटतात. खरं सांगितलं असतं तर बाई सोमवारच्या पहिल्या गाडीनं आल्या असत्या. पुन्हा स्कार्फ, पुन्हा मागचं दार, पुन्हा चार दिवस फाटकात उभी पोर.

"बघितलं का?"

"न्हाय बघत."

"एकदाही नाही?"

"एकदाही न्हाय, बाई."

फोनमधनं त्यांच्याकडचा पाऊस ऐकू येत होता.

"झालं की मग," बाई म्हणाल्या. "ठेवू?"

त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. मी केला दोनदा. एकदा लागला नाही, एकदा कुणीतरी उचलून म्हणालं की बाई पहिल्या गाडीनं गेल्यात, कुठल्याशा वाडीवरच्या मुलाला एस.टी. शिकवायला. निरोप ठेवला. काय निरोप ठेवला ते विचारू नका. फोन करा, एवढाच.

आता मी निवृत्त आहे. कोडोलीला माझं काही काम नसतं. तरी महिन्यातनं एखाद्या दिवशी संध्याकाळच्या गाडीला जाऊन शेवटच्या सीटवर बसतो. गाडी स्टँडच्या बाहेर पडून सरळ झाली की वैशाली मागं बघते. मी हात वर करतो, हसतो. तिला मी दिसत नाही असं नाही. पण तिची नजर माझ्या अलीकडच्या सीटवर थांबते, तिथं थोडी राहते, आणि परत जाते.